पळणाऱ्या कुत्र्याचे सांधे आणि सप्लिमेंटचे डबे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेकडीवर रोज भेटणारे, शनिवार-रविवारी कुत्र्याला गडावर नेणारे आणि नुकताच एखादा महागडा डबा ऑर्डर करून बसलेले लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. मात्रेचे आकडे अंदाज यावा म्हणून दिले आहेत. तुमच्या कुत्र्याची मात्रा त्याला हाताळणाऱ्या पशुवैद्यांनीच ठरवायची.

१. सांध्यांचं सप्लिमेंट म्हणजे नेमकं काय? ते औषध आहे का?

औषध नाही, खाण्याला दिलेली जोड आहे. औषध बाजारात येण्याआधी त्याचा गुण सिद्ध करावा लागतो, सप्लिमेंटला ती अट नाही. सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. वयामुळे, जादा वजनामुळे, जुन्या इजेमुळे किंवा जन्मापासून सैल असलेल्या खुब्यामुळे तो झिजतो, सांधा सुजतो आणि दुखतो.

डब्यांत दोन प्रकारचे घटक असतात. ग्लुकोसामाइन, कॉन्ड्रॉइटिन, कोलॅजेन, हायल्युरॉनिक आम्ल हा कूर्चेचा कच्चा माल समजला जातो. ओमेगा-३ (माशाच्या तेलातली मेदाम्लं), ग्रीन-लिप्ड मसल (एक शिंपला), हळद, शल्लकी (सालईचा डिंक) हे सूज उतरवण्यासाठी घातलेले असतात. एमएसएम हा गंधकाचा संयुग जवळपास प्रत्येक डब्यात सापडतो, पण एकट्याच्या बळावर त्यानं कुत्र्यांत फार काही दाखवलेलं नाही. एवढं मात्र आधीच सांगतो: झिजलेली कूर्चा पुन्हा उगवून देणारी पावडर कुठल्याच दुकानात मिळत नाही.

२. माझा लॅब चार वर्षांचा आहे, धट्टाकट्टा आहे, रोज टेकडी चढतो. आत्तापासूनच सुरू केलं तर पुढे त्रास होणार नाही ना?

निरोगी तरुण कुत्र्याला डबा चालू ठेवला म्हणून पुढचा संधिवात टळतो, असा भरवशाचा पुरावा नाही. टाळण्यासाठी काही करायचंच असेल तर वजन आटोक्यात ठेवा (प्रश्न ४), आठवडाभर सोफ्यावर आणि रविवारी थेट राजमाची असा प्रकार बंद करा आणि घरातल्या गुळगुळीत फरशीवर तो जिथून वळतो, उड्या मारतो तिथे सतरंजी किंवा रबरी मॅट टाका. वाढलेली नखंही कापा. लांब नखांचा कुत्रा टाइल्सवर घसरत चालतो आणि दिवसभर खुब्याला, गुडघ्याला झटके देत राहतो.

जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, लॅब, गोल्डन अशा जातींत खुब्याचा किंवा कोपराचा जन्मजात दोष बऱ्याचदा निघतो. अशा कुत्र्याचा दीड-दोन वर्षांचा झाल्यावर एकदा एक्स-रे काढून घेतलेला बरा. दोष दिसला तर पुढचं सगळं गणितच बदलतं.

३. तो तर अजून चेंडूमागे पळतो. मग सांधे दुखतायत हे ओळखायचं कसं?

पळतो म्हणून दुखत नाही, असं धरून चालू नका. चेंडू दिसला की कुत्रा दुखणं विसरतो. त्याला बघायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. उठल्यावर पहिली दहा-बारा पावलं ताठ पडतात का? गाडीत उडी मारण्याआधी थबकतो का? जिना उतरताना पाय जपतो का? मागचे दोन्ही पाय जोडीनं टाकत सशासारखा पळतो का? एक मांडी दुसरीपेक्षा बारीक वाटते का? एकाच सांध्याला चाटत बसणं, पूर्वी चालायचा तिथे हात लावू न देणं, हीसुद्धा लक्षणंच.

गड चढताना नाही, उतरताना लक्ष ठेवा. उतारावर शरीराचा भार पुढच्या पायांवर येतो आणि कोपराचं दुखणं तिथे उघडं पडतं.

४. सगळे आधी वजनाचंच का काढतात? आमचा फक्त थोडासा गुबगुबीत आहे.

कारण या पानावर ज्याला सर्वांत भक्कम पुरावा आहे अशी गोष्ट तीच आहे. अमेरिकेत ४८ लॅब्राडोर पिल्लांच्या जोड्या लावून त्यांना आयुष्यभर सांभाळलं गेलं. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं मिळायचं. २००२ साली निकाल छापून आला. कमी खाणाऱ्या गटाचं मध्यक आयुष्य (निम्मी कुत्री त्याआधी गेली, निम्मी त्यानंतर) १३ वर्षं भरलं, दुसऱ्या गटाचं ११.२. खुब्याचा संधिवात एक्स-रेत दिसू लागण्याचं मध्यक वय भरपेट खाणाऱ्यांत ६ होतं, कमी खाणाऱ्यांत १२. कुठल्याही डब्यानं याच्या जवळपास जाणारं काही करून दाखवलेलं नाही.

आधीच जाड आणि लंगडणाऱ्या कुत्र्यांवरही काम झालं आहे. वजन सहा टक्क्यांच्या आसपास उतरलं तिथूनच लंगडण्यात स्पष्ट फरक दिसला. तीस किलोच्या कुत्र्याचे हे दोन किलोसुद्धा नाहीत.

घरच्या घरी परीक्षा सोपी आहे. बरगड्यांवरून हलका हात फिरवा. दाबल्याशिवाय त्या हाताला लागल्या पाहिजेत आणि वरून बघितलं तर कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. आपल्याकडे घोळ कुत्र्याच्या वाडग्यात कमी आणि ताटाभोवती जास्त होतो: आजीच्या हातचा पोळीचा तुकडा, चहाबरोबरची बिस्किटं, वर तूप-भात. टेकडीवर जमणाऱ्या मंडळींच्या खिशातला खाऊही त्यात धरा. घरातल्या प्रत्येकानं दिवसभर काय काय दिलं ते आठवडाभर कागदावर लिहा, बहुतेक घरांत गुन्हेगार तिथेच सापडतो.

५. परवापासून लंगडतोय. आधी महिनाभर सप्लिमेंट देऊन बघू का?

नको. लंगडण्याची कारणं डझनभर असतात आणि त्यातल्या बऱ्याच कारणांवर महिना घालवणं महागात पडतं. आधी पंजा बघा: काटा, काच, फाटलेलं नख, तापलेल्या कातळानं सोलवटलेली गादी. मागचा पाय अचानक उचलून धरला असेल तर गुडघ्यातला क्रुसिएट लिगामेंट (सांधा जागेवर धरणारा अस्थिबंध) तुटलेला असू शकतो. पळणाऱ्या कुत्र्यांत हे नेहमीचं आहे आणि त्याला पावडर उपयोगाची नाही. पगसारख्या लहान जातींत गुडघ्याची वाटी सरकते. वयस्क मोठ्या कुत्र्यात हाडाचा कर्करोगही असतो.

आपल्याकडचं खास कारण म्हणजे गोचीड ताप. एर्लिकियासारख्या जंतूंनी सांधे सुजतात, आज हा पाय तर उद्या तो असं लंगडणं फिरत राहतं, कुत्रा मलूल होतो, जेवण सोडतो. पावसाळ्यानंतर गवतातून फिरणाऱ्या कुत्र्यात रक्त तपासल्याशिवाय ‘संधिवात’ म्हणून मोकळं होऊ नये. वेळेत पकडला तर डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकानं बरा होणारा आजार आहे.

६. ठीक, तपासलं. संधिवाताची सुरुवात आहे. एकच गोष्ट घ्यायची तर कोणती?

ओमेगा-३, म्हणजे माशाच्या तेलातली ईपीए आणि डीएचए ही दोन मेदाम्लं. २०२२ मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी कुत्र्या-मांजरांवरचे तोवरचे प्रयोग एकत्र मांडून तपासले. दुखणं कमी करण्यात ओमेगा-३ उजवं ठरलं, कोलॅजेनचा परिणाम कमकुवत निघाला आणि ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिन सपशेल मागे पडलं. दुकानात नेमकी उलटी मांडणी असते. दर्शनी फळीवर ग्लुकोसामाइनचे डबे आणि माशाचं तेल ‘केस चमकदार होण्यासाठी’ म्हणून कोपऱ्यात.

७. माणसांची फिश ऑइलची कॅप्सूल चालेल का? रोज एक देतो आहे.

साधी, चवी-रंग न घातलेली असेल तर चालते, पण एकानं बहुधा काहीच होत नाही. पुढच्या बाजूचा ‘१००० मिग्रॅ’ हा आकडा तेलाचा असतो. मागे बघा: नेहमीच्या कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२०, म्हणजे कामाचं तेवढं ३०० मिग्रॅ.

संधिवातासाठी पशुपोषणात सुचवली जाणारी मात्रा दोन्ही मिळून साधारण अशी येते: १० किलोच्या कुत्र्याला १,७०० मिग्रॅ, २० किलोला २,९०० आणि ३० किलोला ४,०००. ही वरची बाजू आहे, सुरक्षित मर्यादा याच्या थोडीच पुढे संपते. वीस किलोच्या कुत्र्याला ती गाठायची तर साध्या दहा कॅप्सूल लागतील आणि नुसत्या तेलाच्याच ९० कॅलरी पोटात जातील. म्हणून जास्त संहतीचं, म्हणजे तेवढ्याच तेलात ईपीए-डीएचए जास्त असलेलं तेल शोधा आणि तेवढं खाणं कमी करा. काही तयार ‘जॉइंट’ आहारांत ओमेगा-३ आधीच भरपूर असतं, ते चालू असेल तर वर तेल ओतू नका.

सुरुवात पाव मात्रेनं करा आणि तीन-चार आठवड्यांत वाढवत न्या. एकदम दिलं तर जुलाब ठरलेले. ज्याला पूर्वी स्वादुपिंडाची सूज येऊन गेली आहे त्याला विचारल्याशिवाय थेंबही नको. कॉड लिव्हर ऑइल ही वेगळी वस्तू आहे. त्यात अ आणि ड जीवनसत्त्वं असतात आणि सांध्याच्या मात्रेत दिलं तर ती विषारी पातळीला जातात.

उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवा. पावसाळ्यात कोकणात तर नक्कीच. खवट वास आला की फेकून द्या.

८. आम्ही किनाऱ्यावर राहतो. तेलाऐवजी बांगडा-तारलीच दिली तर?

उकडून, काटे काढून, मीठ-मसाला न लावता खुशाल द्या. तारलीत ओमेगा-३ चांगलं असतं. मोजून मात्रा गाठता येत नाही, एवढीच अडचण. कालवणातला मासा नको, त्यात लसूण-कांदा-मीठ-तिखट सगळं असतं. सुकट आणि खारवलेले बोंबील मिठामुळे बाद.

९. आम्ही शाकाहारी आहोत. जवस दिलं तर ओमेगा-३ मिळेल ना?

मिळेल, पण वेगळं. जवसातलं मेदाम्ल शरीराला ईपीए-डीएचएत बदलून घ्यावं लागतं आणि कुत्र्याचं शरीर ते फारच थोड्या प्रमाणात करतं. सांध्यासाठी जवसावर विसंबू नका. जवसाची चटणी तर मुळीच देऊ नका, लसूण असते. शैवालापासून काढलेलं तेल हा खरा शाकाहारी पर्याय. लेबलवर नुसतं डीएचए आहे की ईपीएही आहे ते बघून घ्या, आपल्याला दोन्ही हवीत.

जाता जाता: ग्लुकोसामाइन बहुतेक वेळा कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून आणि कॉन्ड्रॉइटिन जनावरांच्या कूर्चेपासून काढतात. घरात शाकाहार काटेकोर पाळायचा असेल तर हेही लक्षात घ्या.

१०. मग ग्लुकोसामाइन फुकटच का? आमच्या डॉक्टरांनी तर लिहून दिलंय.

डॉक्टरांवर चिडू नका. २००७ च्या एका आयरिश प्रयोगात ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनच्या जोडीनं सत्तराव्या दिवशी थोडा गुण दाखवला होता, त्याउलट निकालही आहेत आणि सगळं एकत्र केलं की पारडं विरुद्ध बाजूला झुकतं. अपाय क्वचित होतो, म्हणून ते लिहून देणं सोपं पडतं. माझं मत विचाराल तर पैसे मोजके असतील तेव्हा ते आधी ओमेगा-३वर आणि एका चांगल्या तपासणीवर घाला. मधुमेही कुत्र्याला ग्लुकोसामाइन देण्याआधी विचारा.

११. यूसी-२ कोलॅजेन आणि ग्रीन-लिप्ड मसल यांच्या जाहिराती खूप दिसतात.

यूसी-२ म्हणजे कोंबडीच्या छातीच्या कूर्चेतलं, उष्णतेनं न मोडलेलं दुसऱ्या प्रकारचं कोलॅजेन. ते कच्चा माल म्हणून दिलं जात नाही. आतड्यातल्या प्रतिकारयंत्रणेला स्वतःच्या कूर्चेची ओळख पटवून तिचा हल्ला सौम्य करायचा, अशी कल्पना आहे. म्हणून मात्रा इवलीशी, दिवसाला ४० मिग्रॅच्या आसपास. पळवल्या जाणाऱ्या निरोगी लॅब्राडोर कुत्र्यांवर याचा प्रयोग झाला आहे आणि रक्तातल्या सुजेच्या खुणा कमी दिसल्या. तो एका खाद्य कंपनीच्या संशोधकांनी केलेला, हे ध्यानात ठेवून वाचा. साध्या कोलॅजेन पावडरचा आणि याचा संबंध नाही. यूसी-२ गरम जेवणात मिसळूही नका.

मसल हा न्यूझीलंडचा शिंपला. निकाल संमिश्र. ओमेगा-३ पुरेसं चालू असेल तर मी त्यावर वेगळा खर्च करणार नाही.

१२. हळद, शल्लकी, हाडजोड? आपल्या घरचीच औषधं आहेत.

हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून फार कमी शोषलं जातं. मिरी घालून केलेली ‘गोल्डन पेस्ट’ कुत्र्याला लंगडण्यातून बाहेर काढते असं मोजमापानं सिद्ध झालेलं नाही, पोट मात्र बिघडू शकतं. चिमूटभर हळदीनं बिघडत नाही, घडतही नाही.

शल्लकी म्हणजे आपल्या सालईचा डिंक. २००४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये कुत्र्यांवर एक प्रयोग झाला, गुण दिसला, पण तुलनेला दुसरा गट नव्हता. सूज उतरवणाऱ्या वनस्पतींत मी हिला हळदीच्या वर ठेवीन, तेही कुत्र्यांसाठीच बनवलेल्या प्रमाणित अर्काच्या रूपात.

हाडजोड, म्हणजे कांडवेल, परंपरेनं मोडलेल्या हाडासाठी वापरतात. झिजलेला सांधा हे वेगळं दुखणं आहे.

१३. पाया सूप रोज देतो. त्यातलं कोलॅजेन लागतं का?

पोटात त्याची इतर प्रथिनांसारखीच अमिनो आम्लं होतात, ती थेट गुडघ्यात जाऊन बसत नाहीत. सूप चविष्ट आहे, उन्हाळ्यात पाणी पोटात जातं, एवढ्यासाठी ठेवा. कांदा, लसूण, मीठ न घालता करा, वरची चरबी काढा आणि शिजलेली हाडं देऊ नका.

१४. पाच महिन्यांचं पिल्लू आहे, मोठ्या जातीचं. हाडं-सांधे मजबूत व्हायला कॅल्शियमचं सिरप चालू आहे.

ते डॉक्टरांना विचारून बहुधा बंद करावं लागेल. पिल्लांसाठीचं चांगलं तयार खाद्य चालू असेल तर कॅल्शियम पुरेसं मिळतंच. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला आतड्यातून शिरणारं जादा कॅल्शियम रोखता येत नाही आणि मोठ्या जातीत त्यानं हाडांची-सांध्यांची वाढच बिघडते. घरच्या खाण्यावर वाढणाऱ्या पिल्लाची गोष्ट वेगळी, तिथे कॅल्शियम लागतं, पण मोजून. आपल्या औषधाच्या कपाटातली ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची गोळी किंवा पुडी कुत्र्याला कधीही नाही. लहान कुत्र्याला ती एकच मारक ठरू शकते.

१५. लेबल वाचताना काय बघायचं?

एका गोळीत प्रत्येक घटक किती मिलिग्रॅम आहे ते लिहिलेलं हवं. ‘खास मिश्रण ५०० मिग्रॅ’ असं मोघम असेल तर डबा खाली ठेवा. मग तुमच्या कुत्र्याच्या वजनाला दिवसाला किती गोळ्या लागतात आणि डबा किती दिवस पुरतो याचा हिशोब करा. बारा घटकांची नावं झळकवणाऱ्या गोळीत अनेकदा कशाचंच प्रमाण धड नसतं. गोडव्यासाठी झायलिटॉल असलेली माणसांची कुठलीही चघळायची गोळी कुत्र्यासाठी विष आहे. अमेरिकेत राहणाऱ्यांनी एनएएससी या प्राण्यांच्या सप्लिमेंट उत्पादकांच्या संघटनेचा पिवळा शिक्का बघावा. तो उत्पादनाच्या दर्जाबद्दल सांगतो, गुण येण्याबद्दल नाही.

१६. फरक पडतोय की मलाच तसं वाटतंय?

दुसरी शक्यता खरीच मोठी आहे. २०१२ च्या एका अभ्यासात नुसतंच दिखाऊ औषध मिळालेल्या लंगड्या कुत्र्यांच्या मालकांनी निम्म्याहून अधिक वेळा ‘सुधारतोय’ असं सांगितलं, मोजणाऱ्या यंत्राला मात्र काही दिसत नव्हतं. डॉक्टरही यातून सुटले नव्हते.

म्हणून सुरू करण्याआधी मोबाइलवर चालतानाचा, जिना चढतानाचा आणि सकाळी उठतानाचा व्हिडिओ काढा. त्याच जागी, त्याच वेळी सहा आठवड्यांनी पुन्हा काढा आणि घरात न राहणाऱ्या कुणाला तरी तारीख न सांगता दाखवा. लिव्हरपूल विद्यापीठात तयार झालेली ‘लोड’ ही मालकांसाठीची प्रश्नावली भरली तर अजून चांगलं. एका वेळी एकच बदल करा. आठ-दहा आठवड्यांत व्हिडिओत काही दिसलं नाही तर थांबवा. संपत आला म्हणून पुढचा डबा मागवणं हे काही कारण नव्हे.

१७. दुखण्याची गोळी चालू आहे. सप्लिमेंट सोबत चालेल का? नसेल तर आमचीच एखादी गोळी देऊ?

ओमेगा-३ आणि दुखण्याची गोळी बहुतेक वेळा सोबत चालतात. कार्प्रोफेन घेणाऱ्या कुत्र्यांना ओमेगा-३ भरपूर असलेलं खाणं दिल्यावर गोळीची मात्रा लवकर कमी करता आली, असा अनुभव एका प्रयोगात आला आहे. मात्रा डॉक्टरच कमी करतील.

तुमची गोळी नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नेप्रॉक्सेननं कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंड जातं. (जनावरांसाठी डायक्लोफेनॅक आपल्याकडे २००६ पासून बंद आहे, ते गिधाडांपायी.) मेलॉक्सिकॅम कुत्र्यांनाही देतात, पण दहा किलोच्या कुत्र्याची रोजची मात्रा १ मिग्रॅच्या आसपास असते आणि माणसांची गोळी साडेसात किंवा पंधराची. स्टेरॉइड चालू असताना यातली कुठलीही दुखण्याची गोळी वर चढवू नये.

१८. मोठ्या ट्रेकच्या आदल्या दिवशी दुप्पट दिलं तर?

काही उपयोग नाही, हे आठवड्यांत काम करणारे घटक आहेत. तेल दुप्पट दिलंत तर गडावर जुलाब सांभाळत बसाल. त्यापेक्षा पहाटे निघा, कातळ तापायच्या आत उतरा, उंच पायऱ्यांवर त्याला उड्या मारू देऊ नका.

१९. ऑपरेशन ठरलं आहे, किंवा किडनीचा त्रास आहे. बंद करू का?

तेल, कॉन्ड्रॉइटिन, हळद यांनी रक्त गोठण्यावर थोडा परिणाम होऊ शकतो, म्हणून शस्त्रक्रियेच्या तारखेआधीच डॉक्टरांना सगळी यादी द्या. किती दिवस आधी थांबायचं ते ते सांगतील. किडनीच्या रुग्णाला ओमेगा-३ अनेकदा मुद्दाम देतात, पण वनस्पतींचे मिश्र अर्क त्याच्यापासून लांब ठेवा.

२०. अख्खा डबा फस्त केलाय! पोट साफ होईल इतकंच ना?

चिकन-चवीच्या गोळ्या असतील तर हे कधी ना कधी घडतंच. आणि नाही, जुलाबांवर सोडून देऊ नका. सांध्यांच्या सप्लिमेंटची प्रचंड मात्रा एकदम गेल्यावर यकृत निकामी झाल्याच्या नोंदी आहेत. त्यात ड जीवनसत्त्व किंवा झायलिटॉल असेल तर आणखी घाई. घरी मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका. रिकामा डबा हातात घ्या, साधारण किती गोळ्या उरल्या होत्या ते आठवा, कुत्र्याचं वजन सांगा आणि लगेच दवाखान्यात निघा. लक्षणं दिसायची वाट बघू नका.